डंकावर ऐकू येतं, घरात नाही

माझ्या कानात काही बिघडलंय हे मला नीट कळायच्या आधीच सासूने मला खोटारडी ठरवलं होतं.

मी ओट्याशी भाकरी थापत होते. पाठीमागे एकदम खणकन आवाज झाला आणि मी दचकून वळले. सासू दारात उभी होती आणि तिच्या पायाशी स्टीलची ताटली गरगरत होती. तिने ती मुद्दाम पाडली होती, हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. बाहेरच्या खोलीत नवरा बसला होता. त्याच्याकडे तोंड करून ती काहीतरी बोलली. मला ओठ हललेले दिसले, बाकी काही नाही. नवऱ्याने मान खाली घातली. मग ती माझ्याकडे वळली आणि या वेळी खणखणीत बोलली.

"ताटली पडल्याली बरी ऐकू येती. मी मघाधरनं हाका मारतोय त्या न्हाय येत व्हय?"

मी म्हटलं, "खरंच ऐकू आल्या नाहीत, आई."

"काय म्हणत्यास? जरा माणसासारखं बोल की. सारखं आपलं कुजबुज कुजबुज!"

मला तर मी चांगलं मोठ्याने बोलले असं वाटलं होतं. हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि पाणी फिरवायचं विसरले. ती कडक झाली. त्यावरूनही ऐकून घ्यावं लागलं, पण ते मात्र ऐकू आलं.

आमचं घर उचगावात आणि घरालगत पत्र्याच्या शेडमध्ये आमचा डंक. डंक म्हणजे चटणी कुटायचं यंत्र. मोटरच्या पट्ट्यावर लोखंडी मुसळं ओळीने वरखाली होतात आणि खालच्या उखळात मिरची कुटली जाते. उन्हाळा सुरू झाला की वाळवलेल्या मिरच्या, भाजलेले मसाले, खोबरं, लसूण असं सगळं पिशव्यांतून घेऊन बायका सकाळपासून ओळ लावतात. सासरे गेल्यावर डंक सासूनेच चालवला. तिची हिंमत मी नाकारत नाही. त्या दणदणाटात ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. डंकावर ती अजूनही सगळ्यांच्या वर आवाज चढवायची, पण घरात आली की आवाज राखून, घोगऱ्या खालच्या सुरात बोलायची. नवऱ्याचाही आवाज तिच्यासारखाच खर्जातला. तो मोटर आणि पट्टे बघायचा, मी मुसळांखालची चटणी सारखी करायची, चाखायची, मीठ बरोबर पडलंय का सांगायची.

मुलगी झाली आणि त्यानंतर कधीतरी माझं ऐकणं कमी होत गेलं. नेमकं कधी, ते सांगता येणार नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते, तसा एक आवाज उजव्या कानात सारखा चालू असायचा. आधी मला वाटलं, जागरणाने होत असेल. मग लक्षात आलं की मुलगी रडली तर मला ऐकू येतं, शेजारणीची चिरकी हाक ऐकू येते, पण नवरा दोन हातांवरून बोलला तर नुसती गुणगुण कानावर पडते. जेवताना तर फारच वाईट. भाकरीचा पापुद्रा दाताखाली मोडला की त्याचाच आवाज डोकंभर भरायचा, आणि समोरचा काय बोलतोय ते कळायचंच नाही. आमच्या घरात सगळी भांडणं जेवतानाच निघायची. मी आपली खाली मान घालून चावत राहायची. सासूला वाटायचं, ही मला जुमानत नाही.

"पोरीचं ऐकू येतंय, शेजारणीचं ऐकू येतंय. नवऱ्याचं आणि सासूचं तेवढं न्हाय," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आणि खरं सांगते, तिची उदाहरणं बिनतोड होती. एखादी सून नाटक करत असती तर तिने अगदी असंच केलं असतं. कधी कधी मलाच शंका यायची, की मीच मनातून हिचा आवाज बंद करून टाकलाय का?

आणि डंक! तिथे तर मी पुरती सापडायची. मुसळं धाडधाड आपटत असताना ओळीतली बाई ओरडायची, "मिरची जरा जाडसर ठेवा हो!" आणि मी लगेच मान हलवायची. तिथे मला सगळं ऐकू यायचं. इतर बायका एकमेकींच्या कानाला तोंड लावून बोलायच्या, आणि मी चार पावलांवरून त्यांचं बोलणं समजून घ्यायची. हे का होतं ते मला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर मी काही सांगू शकले नसते.

माझ्या मनात एक माणूस सारखं यायचं. माझी आत्या. वडिलांची धाकटी बहीण, चंदगडला माझ्या माहेरीच राहते. तिला सगळे बहिरी म्हणतात. पहिल्या बाळंतपणानंतर तिला ऐकू येईनासं झालं. सासरच्यांनी मुलगा ठेवून घेतला आणि तिला एसटीत बसवून माहेरी पाठवली. मी लहानपणापासून तिला गोठ्यात, भाताच्या खाचरात, काजूच्या बागेत राबताना बघत आले. ती बोलायची फार हळू. घरात कुणी तिच्याशी गप्पा मारायला बसलेलं मला आठवत नाही. हातवारे करायचे आणि काम सांगायचं. मीही तेच केलं.

हंगाम ऐन भरात होता तेव्हाची गोष्ट. शेड बायकांनी भरलेली, मिरचीच्या खकाण्याने सगळ्यांच्या नाकातोंडाला पदर. मी मुसळांशी वाकले होते. मागून एका बाईने विचारलं, "माझा नंबर कवा येणार?" मी न वळता ओरडून सांगितलं, "ह्यांच्यानंतर तुमचाच."

सासू गल्ल्यावरून उठलीच.

"बघितलंसा?" ती सगळ्या ओळीला उद्देशून ओरडली. "एवढ्या दणदणाटात हिला पाठीमागचं ऐकू आलं! घरात ही बहिरी असती. डंकावर ऐकू येतंय, घरात न्हाय! आसलं बहिरेपण कुठं बघितलंय का कुणी?"

बायका हसल्या. मिरचीने डोळ्यांतून पाणी येतच होतं, त्यामुळे माझं रडणं कुणाला दिसलं नसावं. मी सरळ भिंतीशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला. पट्टा सुस्कारा टाकून थांबला. मुसळं अर्ध्यावर लटकली.

"आता बोला," मी म्हटलं.

सासू बोलली. बराच वेळ बोलली. ओळीतल्या बायकाही आपसांत बोलू लागल्या. मी सगळ्यांची तोंडं बघत होते. यंत्र बंद झाल्याबरोबर सगळ्यांनी आवाज खाली आणले होते आणि माझ्यापर्यंत काहीही पोहोचत नव्हतं. तेवढ्या बायकांच्या मध्ये मी काचेच्या पेटीत उभी असल्यासारखी उभी होते.

एक बाई पुढे आली. शहरात शाहूपुरीत गुळाचा व्यापार असलेल्या जैन घरातली, दरवर्षी आमच्याकडेच चटणी कुटून न्यायची. ती माझ्या कानाशी येऊन स्पष्ट बोलली, "माझ्या बहिणीला असंच होतं. कानाच्या डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या कुणाचं ऐकत बसू नका."

नवऱ्याने येऊन स्विच पुन्हा वर केला. माझ्याकडे बघितलंही नाही. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

डंकाला सोमवारी सुट्टी असते. त्या सोमवारी मी डॉक्टरांकडे निघाले तर सासू चप्पल घालून तयार. "मी बी येतो. डॉक्टर काय म्हणतोय ते माझ्या कानानं ऐकतो." नवऱ्याने आम्हा दोघींना आमच्या टेम्पोत बसवलं आणि स्वतः चालवायला बसला.

डॉक्टर वयस्क आणि तुसडे होते, बोलायचे मात्र खणखणीत. मी सांगायला लागले तर म्हणाले, "मोठ्यानं बोला." सासूला तेवढंच पुरे झालं. "तशीच बोलत्या ती. घरात बी आसंच. कळू नये म्हणून."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला तुमचा आवाज कसा वाटतो?"

"मला मोठा वाटतो."

"आणि गोंगाटात कसं ऐकू येतं? बाजारात, लग्नाच्या मांडवात?"

मी तोंड उघडायच्या आत सासू पुढे झुकली. याच प्रश्नाची ती वाट बघत होती. "तेच तर सांगाय आलोय, डॉक्टरसाहेब! डंकावर हिला समदं ऐकू येतंय. घरात शांत असलं की मग न्हाय."

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "यायलाच पाहिजे."

सासूचं तोंड उघडंच राहिलं. मी आजवर तिच्या चेहऱ्यावर बरंच काही बघितलंय, पण तसं पुन्हा कधी बघितलं नाही.

त्यांनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा मोठा कान जवळ ओढला आणि त्याची झाकणं काढत, कंटाळल्यासारखे, पण एकही पायरी न गाळता सांगत गेले. बाहेरून दिसतो तो कान म्हणजे आवाज गोळा करणारं नरसाळं. आतल्या नळीच्या टोकाला पडदा. आवाज आला की पडदा थरथरतो. पडद्याच्या मागे हवेने भरलेली एक बारीकशी खोली असते आणि तिच्यात तीन हाडं एकमेकांना जोडलेली असतात, हातोडी, ऐरण आणि रिकीब. पडद्याला हातोडी चिकटलेली, ती ऐरणीला हलवते आणि ऐरण रिकिबीला. रिकीब म्हणजे घोड्यावर बसताना पाय ठेवतात तशा आकाराची, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान. शरीरातलं सगळ्यांत छोटं हाड. तिचा तळ एका इवल्याशा खिडकीत बसवलेला असतो. खिडकीच्या पलीकडे गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली नळी, तिच्यात पाणी. रिकीब आतबाहेर हलली की पाणी हलतं, पाण्याने आतले केसांसारखे बारीक तंतू हलतात, आणि तिथून नस मेंदूला निरोप देते. तेव्हा कुठे ऐकू येतं.

"तुमची नस चांगली असणार," ते म्हणाले. "रिकीब अडकली असणार. तिच्याभोवती हाड वाढतं आणि ती खिडकीत घट्ट बसते. पुष्कळ बायकांत बाळंतपणानंतर हे कळून येतं. बाहेरचा आवाज आत जात नाही. पण तुमचा स्वतःचा आवाज, चावण्याचा आवाज कवटीच्या हाडातून थेट आत पोहोचतो, म्हणून तो मोठा वाटतो आणि तुम्ही हळू बोलता. गोंगाटात बाकीची माणसं ओरडून बोलतात, आणि तो गोंगाट तुम्हाला आमच्याइतका त्रास देत नाही. म्हणून तिथे बरं ऐकू येतं."

मग त्यांनी लोखंडी चिमटा काढला, दोन दांड्यांचा, आणि कोपरावर आपटून माझ्या कानामागच्या हाडावर टेकवला. घंटेसारखा स्वच्छ आवाज डोक्यात शिरला. थांबला तसं मी हात वर केला. त्यांनी लगेच चिमटा कानासमोर धरला. काहीच नाही.

"आता मावशी, तुम्ही या."

सासूला नको होतं, पण बसावं लागलं. चिमटा तिच्या कानामागे टेकवला. तिने हात वर केल्यावर तो कानासमोर आणला. "आता येतोय का?"

"येतोय की. अजून वाजतोय."

"हेच. तुम्हाला समोरून जास्त वेळ येतो, यांना येत नाही. हा फरक."

सासू उठली, पदर सारखा केला. मला वाटलं, निदान आता तरी. ती म्हणाली, "म्हंजे हे हाडातलं दुखणं. खानदानी असतंय का?"

"असू शकतं. तुमच्या घरात कुणाला आहे?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मी आत्याचं सांगितलं. खरं तेच सांगितलं.

टेम्पोत बसल्यापासून उचगाव येईपर्यंत सासू एकच बोलत होती, आणि टेम्पोच्या खडखडाटात मला तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. "ह्यास्नी आदीपासनं ठावं हुतं. घराण्यात बहिरेपण हाय म्हणून. लपवून माझ्या पोराच्या गळ्यात बांधली." सकाळपर्यंत मी खोटारडी होते. आता माझा बाप फसवा झाला. नवरा समोर रस्ता बघत गाडी चालवत राहिला.

डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले होते. कानात यंत्र, नाहीतर ऑपरेशन. रिकिबीची कमान काढून तिच्या जागी केसाएवढी नळी बसवायची. क्वचित एखाद्याचा कान कायमचा जातो, तेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. यंत्राला सासूचा नकार. "कानात डबी घालून डंकावर बसली तर गिऱ्हाईक काय म्हणंल?" ऑपरेशनला नवऱ्याचा नकार नव्हता, पण होकारही नव्हता. "हंगाम होऊ दे," तो म्हणाला. "आईला एकटीला जमणार नाही."

मी हंगाम होऊ दिला नाही. आधी उजव्या कानाची तारीख घेतली, वडिलांना फोन केला आणि सांगितलं, आत्याला पाठवा, तुम्ही नको. वडील म्हणाले, तिला काय कळणार? मी म्हटलं, तिलाच पाठवा.

आत्या पिशवी घेऊन एसटीने एकटी आली. दवाखान्यात मी डॉक्टरांना विनवलं, हिचेही कान बघा. त्यांनी चिमटा लावला, तपासणी केली, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगितलं, "तुमचंही हेच आहे. कधीच बरं करता आलं असतं. अजूनही यंत्राने चांगलं ऐकू येईल."

मला वाटलं, ती रडेल, नाहीतर हात जोडेल. ती बाहेर येऊन बाकावर बसली आणि तिचा चेहरा काळवंडत गेला.

"तुझ्या बापानं मला कवा डॉक्टरकडं नेलं न्हाय," ती म्हणाली. इतकं हळू, की तिच्या ओठांवरूनच मला वाचावं लागलं. "एकदा बी न्हाय. म्हशीला डॉक्टर आणलावता. मला न्हाय."

मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "त्यांना माहीत नव्हतं, आत्या. निदान त्यांनी तुला घरात घेतलं."

"घेतलं! राबायला घेतलं," ती म्हणाली. "तू त्याची लेक. तू त्याचंच बोलणार."

आम्ही दोघी एकाच बाकावर दोन टोकांना बसून राहिलो. मला आत नेलं तेव्हा ती उठली नाही. मला तिचा राग आला होता, कारण ती माझ्या वडिलांबद्दल बोलली होती. आणि ती खोटं बोलली नव्हती, म्हणून जास्त आला होता.

ऑपरेशन जागेपणीच झालं. कानात सुया टोचून भाग बधिर केला होता, तोंडावर हिरवं कापड. ओढल्यासारखं, घासल्यासारखं काहीतरी होत राहिलं. एकदा गर्रकन फिरल्यासारखं झालं आणि मी टेबलाच्या कडा घट्ट धरल्या. मग एकाएकी, कुणीतरी जवळच ट्रेमध्ये काहीतरी ठेवलं, आणि तो आवाज इतका टोकदार आला की मी शहारले. कापडाच्या पलीकडून अगदी बारीक कुजबुज आली.

"सांगा, मी काय म्हटलं?"

"तुम्ही म्हणालात, डोकं हलवू नका."

"मग हलवू नका," डॉक्टर म्हणाले. एवढंच.

त्यानंतर कानात बोळे भरले आणि ऐकू येणं पुन्हा बंद झालं. घरी आणल्यावर बरेच दिवस मी आडवीच होते. मान वळवली की भिंती फिरायच्या. जड उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही. जिभेची उजवी कड अशी लागायची, जशी तांब्याचा पैसा चोखतेय. चवीची एक नस कानातल्या त्या हाडांच्या खोलीतूनच जाते, ती बाजूला सारावी लागते, असं डॉक्टर म्हणाले. चटणी चाखायला आणली तर मला मीठच कळेना. सासूने वाटी उचलून नेली. "कान बी गेला आणि जीभ बी," ती मोठ्याने, मला ऐकू यावं म्हणून बोलली. हंगामात तिला डंकावर एकटीला मरावं लागत होतं, ते ती मला विसरू देत नव्हती. आत्या माझ्याजवळ राहिली, माझी वेणीफणी केली, आणि वडिलांचं नाव एकदाही न काढता चंदगडला परत गेली.

बोळे काढले त्या दिवशी रस्त्यावर रिक्षांचे आवाज सुऱ्यांसारखे आत घुसत होते. डॉक्टरांनी कानाच्या तोंडाशी थोडा कापूस ठेवला आणि सांगितलं, "चांगलं झालंय." मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो "बरं" म्हणाला. सासूने माझ्या कानातला कापूस बघितला आणि तिच्या परीने निष्कर्ष काढला, की मला अजून ऐकू येत नाही.

दोन दिवसांनी दुपारी जेवायला बसलो होतो. मुलगी शाळेत होती. मी ताकभात कालवत होते. सासू नेहमीच्या त्या खालच्या, राखलेल्या आवाजात बोलायला लागली. मी समोर असताना माझ्याबद्दल बोलायची तिला आणि नवऱ्याला इतकी सवय झाली होती, की तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"हंगाम सरला की हिला चंदगडला धाडून दे," ती म्हणाली. "काम झेपंना, चव कळंना. पोरगी ऱ्हाऊ दे हितंच. मी सांभाळतो."

मी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. मला त्याचं ऐकायचं होतं. त्याचा आवाज मी लग्नानंतरची सुरुवातीची वर्षं सोडली तर नीट ऐकला नव्हता. खर्जातला, गोड आवाज आहे त्याचा.

"बघू," तो म्हणाला. "हंगाम संपू दे."

सासू ताक ओतून घेत होती. त्याची धार, तिच्या बांगड्या, नवऱ्याचं घास गिळणं, सगळं मला ऐकू येत होतं.

"काय बघणार?" मी विचारलं.

नवऱ्याने हातातला घास ताटात ठेवला.

"अं?"

"बघू म्हणालात. काय बघणार ते सांगा. पोरीला ठेवून मला एसटीत बसवायचं, ते बघणार?"

"अगं, मी आपलं नुसतं बोललो."

"तुमचं नुसतं बोलणं मी इतकी वर्षं ऐकलं नव्हतं. अजून काय काय नुसतं बोललाय?"

सासूने ताकाचं भांडं आपटलं. "आता बरं ऐकू आलं गं! मी म्हणत हुतो ना? हिला आदीपासनं ऐकू येत हुतं!"

मी उठले. मान एकदम वळवली म्हणून भिंत फिरली, ती धरून उभी राहिले. "आई, मी जाणार नाही. पोरगीही माझ्याजवळच राहील. मला घालवायचं असेल तर गावापुढे घालवा. कारण विचारतील तेव्हा सांगा, सून बरी झाली म्हणून घालवली."

तिने मला पुष्कळ शिव्या दिल्या. मी सगळ्या ऐकल्या. नवरा ताट तसंच टाकून शेडमध्ये गेला आणि वेळ झाली नसताना मोटर चालू करून बसला.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी डंकावर गेले, तर नवंच संकट. मुसळं सुरू झाली आणि कानात कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं झालं. मी दोन्ही हातांनी कान दाबून बाहेर पळाले. कापूस घालून बघितलं, तरी सोसेना. सासू शेडच्या दारात येऊन हात नाचवत ओरडली, "आदी डंकावरच ऐकू येत हुतं, आता डंकच सोसंना! रोज नवं सोंग!"

या वेळी नवरा एकटाच डॉक्टरांना विचारायला गेला. खरं-खोटं करायला गेला असणार. परत आला तेव्हा त्याने आईसमोर जे ऐकलं ते तसंच सांगितलं, एवढं त्याच्या बाजूने म्हणते. रिकिबीला एक बारीक स्नायू धरून असतो. मोठा आवाज आला की तो तिला आवळतो, आवाज थोडा अडवतो. ऑपरेशनमध्ये तो कापावा लागतो. काहींना हळूहळू सवय होते. पण हिने डंकावर काम करू नये, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

"व्हय की," सासू म्हणाली. "हिच्या बाजूनं बोलणारं डॉक्टर बरं सापडलंय."

मी शाहूपुरीत पंपाच्या दुकानात हिशेबाचं काम धरलं. मुलीला तिकडच्याच शाळेत घातलं, आम्ही दोघी सकाळी बरोबर निघतो. घरात चुली वेगळ्या झाल्या. भिंत नवऱ्यानेच घातली, न बोलता, एका रविवारी. तो दोन्हीकडे जेवतो आणि दोन्हीकडे थोडं कमी जेवतो. त्याने माझी कधी माफी मागितली नाही, आणि मी ते "बघू" विसरले नाही. आम्ही भाजी, शाळा, लाइटबिल यांबद्दल बोलतो. त्याचा आवाज अजून मला आवडतो, याचा मला राग येतो.

आत्याने यंत्र बसवून घेतलं. आता ती माझ्या वडिलांशी भांडते. वडील फोनवर तक्रार करतात की हिचं तोंड बंद होत नाही. मी म्हणते, ऐका जरा.

सासू माझ्याशी बोलत नाही. पण अंगणात, नळावर, तुळशीशी गाठ पडते तेव्हा ती नेमकी माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहते. कोणता कान बरा झालाय आणि कोणता अजून तसाच आहे, हे तिने कधीच ताडलंय. त्या बाजूने ती खाली बघत पुटपुटते. मी घागर ठेवते आणि सावकाश उजवा कान तिच्याकडे करते. ती बोलायची थांबते, नाहीतर तेच पुन्हा मोठ्याने बोलते.

डाव्या कानाचं ऑपरेशन दिवाळीनंतर करू, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.